जुन्या मोटारीची घरगुती निगा

जुनी मोटार बाळगणाऱ्या गृहस्थास दोन प्रकारचे सल्लागार नेहमीं भेटतात. एक म्हणतो, ‘विकून टाका’. दुसरा म्हणतो, ‘मिस्त्रीच्या हवालीं करा व निश्चिंत व्हा’. ह्या दोहोंच्या मध्यें एक तिसरा मार्ग आहे. गाडीचें बॉनेट स्वतः उघडावें, आंत काय चाललें आहे हें समजून घ्यावें, आणि जेवढें आपल्यानें होण्याजोगें असेल तेवढें आपण करावें. ह्या तिसऱ्या मार्गाविषयीं आज बोलण्याचें योजिलें आहे. उदाहरणासाठीं घेतलेली गाडी आम्हां माहुलकरांच्या शेजारचीच आहे: कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली फियाट, जी पुढें प्रीमियर पद्मिनी ह्या नांवानें घरोघर पोंचली.

शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि १९४७ सालीं तिची पहिली गाडी बाहेर पडली. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जडला. १९६४ सालीं ‘११०० डिलाइट’ आली. १९७४ पासून तीच पद्मिनी म्हणून ओळखली जाऊं लागली. २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, व ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीहि निवृत्त झाली. आतां ज्या उरल्या आहेत त्या खासगी मालकांच्या दारांत, आणि त्यांचें आयुष्य ह्या मालकांच्याच हातीं आहे.

दिसावयास ही गाडी साधी व संसारी. परंतु तिच्या इंजिनाचें कुळ ऐकण्यासारखें आहे. चार सिलिंडरांच्या ह्या इंजिनाचें मूळ फियाटनें १९३७ सालीं काढलेल्या ११०० ह्या गाडींत सांपडतें. दुसरें महायुद्ध संपल्यावर तूरिन शहरांतील चिसितालिया कंपनीनें त्याच इंजिनावर संस्कार करून शर्यतीच्या गाड्या बनविल्या. पिनिन फारिना यांनीं घडविलेली तिची ‘२०२’ ही दोन आसनांची वेगवान् गाडी १९५१ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयांत प्रदर्शनासाठीं मांडली गेली होती. तेव्हां शर्यतीच्या जुन्या गाडीचा हौशी मालक ज्या रीतीनें आपलें इंजिन राखतो, ती रीत आपल्या पद्मिनीसहि लागू पडावी यांत नवल नाहीं.

ह्या इंजिनाचें मान १०८९ घन सेंटिमीटर. हा आंकडा शाळेंतल्या गणितानेंच काढतां येतो. सिलिंडरचा व्यास ६.८ सेंटिमीटर, व आंत खालीं-वर होणाऱ्या पिस्टनची धांव ७.५ सेंटिमीटर. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून त्यास धांवेनें गुणिलें म्हणजे एका सिलिंडरचे सुमारें २७२ घन सेंटिमीटर येतात. चारांचे मिळून १०८९. हा हिशेब मांडण्याचें कारण एवढेंच कीं, ह्या गाडींत गूढ असें कांहीं नाहीं. नव्या गाडींत जें संगणकाच्या पेटींत दडलेलें असतें, तें येथें डोळ्यांना दिसतें व बोटांना लागतें.

इंजिन चालण्यास तीन गोष्टी लागतात: योग्य वेळीं पडणारी ठिणगी, हवेंत योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, आणि त्या मिश्रणावर पिस्टनचा पुरेसा दाब. गाडी सकाळीं सुरू न झाल्यास दोषाचा शोध क्रमानें घ्यावा. एकदम चार ठिकाणीं पाना लावणाऱ्याची गाडी कदाचित् सुरू होईलहि, पण ती कशानें बिघडली होती हें त्यास कधींच कळणार नाहीं. स्टार्टर फिरतच नसेल तर आधीं बॅटरी पाहावी. तिच्या टोकांवर जमलेला पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसून टोकें घट्ट केलीं, तर पुष्कळदां तेवढ्यानेंच काम भागतें.

स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेट घेत नाहीं, अशा वेळीं ठिणगीकडे वळावें. एक प्लग काढून त्यास त्याची तार पुन्हां जोडावी, प्लगचें धातूचें अंग इंजिनाच्या लोखंडास टेकवून ठेवावें, आणि दुसऱ्या कोणाकडून स्टार्टर मारवावा. आसपास पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग मुळींच करूं नये. तारेस उघडा हात लावूं नये, रबरी मुठीची पक्कड वापरावी. कारण बॅटरीच्या १२ व्होल्टांचे कॉइलमध्यें हजारों व्होल्ट झालेले असतात. निळसर, कडकडीत ठिणगी पडली तर हें अंग निर्दोष समजावें. पिवळी व मलूल पडली, तर ठिणगी वाटून देणारी जी डबी, जिला आपले मिस्त्री ‘डेल्को’ म्हणतात, तिचें टोपण काढून आंतले पॉइंट पाहावेत. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या ह्या इंजिनांत ते सेकंदास १०० वेळां उघडतात व मिटतात. त्यामुळें त्यांचीं तोंडें जळतात आणि मधली फट बदलते. तीं बारीक पॉलिश कागदानें घांसून गाडीच्या पुस्तिकेंत दिलेली फट फीलर गेजनें पुन्हां बसविणें, हें अर्ध्या तासाचें काम आहे.

काढलेला प्लग फेंकून देण्यापूर्वीं नीट न्याहाळावा. वैद्य जशी रोग्याची जीभ पाहतो, तसा हा इंजिनाचा प्लग. त्याचें टोंक फिकट तपकिरी असेल तर प्रकृति उत्तम. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल अधिक जात आहे. तेलकट काळें असेल तर इंजिनांतलें ऑइल वर चढत आहे, म्हणजे रिंगा झिजल्या असण्याचा संभव. पांढरें फटफटीत असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन फार तापत आहे. हें निदान करावयास एक पाना व दोन डोळे पुरतात.

पेट्रोलच्या बाबतींत मात्र काळ बदलला आहे. आमच्या माहुलास तेलशुद्धीचे दोन मोठे कारखाने १९५४-५५ च्या सुमारास उभे राहिले, आणि पेट्रोल म्हणजे काय हें येथल्या माणसास निराळें सांगावयास नको. पण ह्या गाड्या ज्या पेट्रोलसाठीं बनविल्या गेल्या त्यांत इथेनॉल नव्हतें. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळूं लागलें आहे. इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें, टाकीच्या तळाचा जुना मळ सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्यें आणून बसवितें, आणि जुन्या रबरी नळ्या व पेट्रोल-पंपाचा पडदा यांस फुगवितें वा तडकवितें. तापलेल्या इंजिनाशेजारीं पाझरणारें पेट्रोल म्हणजे आगीस निमंत्रण होय. म्हणून जुन्या गाडीच्या मालकानें सर्वांत आधीं ह्या नळ्या व पडदा बदलून इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवून घ्यावेत, आणि महिनोन्‌महिने टाकींत पेट्रोल तसेंच पडूं देऊं नये.

आतां माहुलसारख्या खाडीकांठच्या ठिकाणीं जो शत्रू इंजिनापेक्षांहि अधिक जपून पाहावा लागतो, त्याकडे वळूं. तो म्हणजे गंज. शाळेंत आम्ही मुलांना एक प्रयोग दाखवीत असूं: तीन बाटल्यांत तीन खिळे, एक कोरड्या हवेंत, एक साध्या पाण्यांत, एक मिठाच्या पाण्यांत. थोड्याच दिवसांत तिसऱ्याची दशा मुलांच्या ध्यानांत येई. खाडीवरून येणारी खारट, दमट हवा मोटारीचा तिसरा खिळा करते. ह्या गाडीस ट्रकप्रमाणें खालून वेगळी लोखंडी चौकट नाहीं. तळाचा व बाजूंचा पत्राच तिचा सांगाडा आहे. म्हणून दारांखालील पत्रा कुजला तर शोभा जाते एवढेंच नव्हे, गाडीचें बळच जातें.

उपाय मात्र साधे आहेत. पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुवावा. दारांच्या खालच्या कडेस पाणी निघून जाण्यासाठीं जीं छिद्रें असतात तीं काडीनें मोकळीं करावींत. आंतील रबरी चटया उचलून वाळवाव्यात, कारण त्यांच्याखालीं साचलेलें पाणी कोणास दिसत नाहीं. प्लास्टिकचें आच्छादन ओल कोंडून ठेवतें. त्यापेक्षां सुती बरें. गंजाचा ठिपका दिसतांच तारेच्या ब्रशानें लखलखीत पत्रा लागेपर्यंत घांसावा, मग रेड ऑक्साइड व त्यावर रंग द्यावा. गंजावर लांबी भरून वरून रंग फांसणें म्हणजे किडका दांत रंगविण्यासारखें आहे.

घरच्या कामास मर्यादाहि आहे, व ती ओळखणें हा शहाणपणाचाच भाग होय. ब्रेक, स्टिअरिंग आणि कुजलेल्या पत्र्याचें वेल्डिंग हीं कामें जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावींत. ब्रेकचें ऑइलहि हवेंतील पाणी ओढतें, म्हणून तें दर दोन वर्षांनीं बदलवावें. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. खालीं भक्कम घोड्या लावाव्यात. बंद खोलींत इंजिन चालू ठेवूं नये, कारण त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो.

शेवटीं एक सूचना. २०२१ सालीं केंद्र सरकारनें नियम केला कीं, पन्नास वर्षांहून जुनें व मूळ स्वरूपांत राखलेलें खासगी वाहन ‘विंटेज’ म्हणून नोंदवितां यावें. असें वाहन रोजच्या वापरास चालत नाहीं, पण त्याचा मान राहतो. १९७४ च्या सुमाराच्या गाड्या आतां ह्या उंबरठ्यावर आल्या आहेत. म्हणून काढलेला मूळ भाग फेंकून देऊं नये, आणि एका वहींत तारीख, किती किलोमीटर झाले, काय केलें व काय बदललें हें लिहून ठेवावें. ही वही तुमच्या मागून गाडी संभाळणाऱ्यास मोठी उपयोगाची होईल. कारखाना बंद झाला, नवी गाडी आतां निघावयाची नाहीं. जी आहे ती ह्या लहान लहान, वेळच्या वेळीं केलेल्या कामांवरच तगून राहावयाची आहे.