दारी आलेल्या आरोग्यसेविकेला परत पाठवू नका

महापालिकेच्या हेल्थ पोस्टमधली आरोग्यसेविका वस्तीत येते, "घरात कुणाला खोकला आहे का?" विचारते. आपण "नाही" म्हणून दार लावतो. लोक काय म्हणतील, ही भीती!

बंधू-भगिनींनो, खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण ६ महिन्यांचा. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर रोग उलटतो आणि नेहमीच्या औषधांना दाद देईनासा होऊ शकतो. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये खात्यात जमा होतात.

आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुऊन काढले. मग आपण आपल्याच माणसाचे दुखणे का लपवावे? दार उघडा. जय भीम!