एकाच मशीनमध्ये जुना आणि नवा सर्व्हर: फायदे काय, तोटे काय?

विंडोज सर्व्हर 2012 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत सुरक्षा अपडेट 10 ऑक्टोबर 2023 ला बंद झाले. 2016 च्या आवृत्तीची मुदत 12 जानेवारी 2027 ला संपते. तरीही अनेक छोट्या कार्यालयांत जुनीच सिस्टीम सुरू असते, कारण हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेल की नाही याची भीती असते.

पण अपडेट टाळणं किती महागात पडतं?

27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याचा फटका न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला आणि तिथलं काम हाताने करायची वेळ आली. या व्हायरसने पसरण्यासाठी विंडोजमधली जी त्रुटी वापरली, तिच्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं.

मग उपाय काय?

नवी सिस्टीम व्हर्च्युअली चालवणं. एकाच कॉम्प्युटरची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क वाटून त्यात दोन-तीन स्वतंत्र ‘कॉम्प्युटर’ तयार करायचे. हायपर-व्ही, व्हीएमवेअर, प्रॉक्समॉक्स ही त्यासाठीची सॉफ्टवेअर.

समजा, जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थसारख्या गावात एखाद्या पतसंस्थेकडे एकच दणकट मशीन आहे. तिथे जुना सर्व्हर सुरू ठेवून शेजारी विंडोज सर्व्हर 2025 ची चाचणी घेता येते. बदल करण्याआधी ‘चेकपॉइंट’ घेतला की गडबड झाल्यास आधीच्या स्थितीत परतता येतं. मशीन बदललं तरी अख्खा व्हर्च्युअल सर्व्हर उचलून दुसरीकडे नेता येतो. वीज आणि जागाही वाचते.

तोटे कोणते?

पहिला, मशीन एकच. ते बंद पडलं की त्यातले सगळे सर्व्हर एकदम बंद.

दुसरा, लायसन्स. स्टँडर्ड आवृत्तीत मशीनच्या सगळ्या कोअरचं (किमान 16) लायसन्स घेतल्यावर दोनच व्हर्च्युअल सर्व्हर चालवता येतात. तिसरा हवा असेल तर पुन्हा पैसे.

तिसरा, हार्डवेअर. हायपर-व्हीमध्ये यूएसबी डोंगल व्हर्च्युअल सर्व्हरला जोडायची सरळ सोय नाही. सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल, तर हे आधी तपासावं. शिवाय मेमरी कमी असेल तर दोन्ही सर्व्हर रखडतात.

चौथा, खालचं व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरही अपडेट करावं लागतं. ते जुनं असेल तर नव्या सिस्टीमला अधिकृत सपोर्ट मिळेलच असं नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज

चेकपॉइंट म्हणजे बॅकअप नव्हे. तो सहसा त्याच मशीनमध्ये असतो. डिस्क गेली की तोही गेला.

नॉटपेट्यात मर्स्क या जहाज कंपनीला सुमारे 4,000 सर्व्हर नव्याने उभारावे लागले. नेटवर्कची नोंद ठेवणारे तिचे महत्त्वाचे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती ठेवत होते, पण सगळे जोडलेले असल्याने सगळेच पुसले गेले. वाचला तो घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती!

लोडशेडिंगवर विसंबून मात्र चालणार नाही. त्यापेक्षा रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, ती डिस्क काढून कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा त्यातून सर्व्हर खरंच सुरू होतो का, ते पाहा. एवढं जमत असेल, तर नवी सिस्टीम व्हर्च्युअली चालवणं फायद्याचंच आहे.