रुग्णसहायकाची घडण

रुग्णालयाच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर असलेला आणि तरीही रुग्णाजवळ सर्वाधिक वेळ काढणारा कर्मचारी म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट, कागदोपत्री ‘जीडीए’. वॉर्डात त्याला या नावाने कोणी हाक मारत नाही. तिथे बाई असली की मावशी आणि पुरुष असला की मामा. गणवेश पाहून नवखे नातेवाईक सिस्टर किंवा ब्रदरही म्हणतात. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलून देणे, जेवू घालणे, बेडपॅन देणे, ताप-नाडी मोजून नोंदवणे, एक्स-रेला नेऊन आणणे ही सगळी त्याची कामे. ती बिनकौशल्याची समजली जातात, आणि ही समजूत चुकीची आहे.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात या माणसांची गरज उद्योगांच्या मागोमाग वाढत गेली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, बजाज आणि टेल्को आले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. रुग्णालये मात्र जरा उशिरानेच मोठी झाली. संत तुकारामनगरमधले यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे वायसीएम, १९८९ मधले. ते आता साडेसातशे खाटांचे आहे. १९९६ मध्ये पिंपरीत डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि २००६ मध्ये थेरगावजवळ आदित्य बिर्ला रुग्णालय सुरू झाले. भोसरी, थेरगाव, आकुर्डी आणि पिंपरी इथे पालिकेची आणखी रुग्णालये आहेत, मोहननगरला कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, आणि चाकणला ग्रामीण रुग्णालयाच्या जोडीला महामार्गालगत खाजगी रुग्णालये आहेत. खाट एकच असली तरी तिच्यासाठी तिन्ही पाळ्यांत माणूस लागतो. त्यात इथली बरीच कुटुंबे मराठवाडा-विदर्भातून किंवा परराज्यांतून आलेली. नवराबायको दोघेही कामावर; दुखण्याखुपण्यात उशाशी बसायला घरात थोरले माणूस नाही. गावाकडे नात्यागोत्यात वाटली जाणारी शुश्रूषा इथे पगारी माणसाकडे जाते.

पूर्वी हे काम कोणी रीतसर शिकवत नसे. जुना वॉर्डबॉय नव्याला हाताखाली घेई आणि महिन्या-दोन महिन्यांत तो तयार होई. यातून अनेक उत्तम माणसे घडली, पण चुकीच्या सवयीही जशाच्या तशा पुढे गेल्या. रुग्णाला काखेत हात घालून ओढणे ही त्यातलीच एक: रुग्णाचा खांदा निखळण्याची भीती आणि ओढणाऱ्याच्या पाठीला कायमचे दुखणे. पुढे आरोग्य क्षेत्र कौशल्य परिषदेने या कामाचे मानक ठरवले आणि राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात त्याला चौथ्या स्तरावर बसवले. १५ जुलै २०१५ रोजी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली तेव्हा जीडीएचा अभ्यासक्रम दहावीपर्यंत शिकलेल्या मुलामुलींना विनाशुल्क खुला झाला.

हे हात किती मोलाचे आहेत ते कोविडने दाखवून दिले. २०२० मध्ये वायसीएम कोविडसाठी राखले गेले, नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभारले गेले. खाटा आणि प्राणवायू यांची जुळवाजुळव झाली, पण नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. पाणी पाजणे, पालथे झोपवणे, घरच्यांशी मोबाइलवर बोलणे करून देणे हे सगळे सहायकांवर आले. १८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने देशभरात एक लाखाहून अधिक ‘कोविड योद्धे’ घडवण्यासाठी सहा कामांचे लघु अभ्यासक्रम सुरू केले. त्यांत घरगुती शुश्रूषा, मूलभूत शुश्रूषा आणि नमुने गोळा करणे यांचा समावेश होता.

प्रशिक्षणाची सुरुवात हात धुण्यापासून होते. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, सॅनिटायझरने वीस ते तीस. तळवे, पंज्यांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोके, या क्रमाने. नवख्यांचा अंगठा हमखास कोरडा राहतो. हात धुवायचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने ठरवून दिले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, शरीरातील द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. विसरला जातो तो पाचवा. रुग्णाला हात लावलाच नाही, नुसता खाटेचा कठडा वर केला, मग धुवायचे कशाला, असे वाटते. जंतू मात्र कठड्यावरूनच पुढच्या खाटेकडे जातात.

पुढचा धडा मोजमापाचा. निरोगी प्रौढाची नाडी मिनिटाला साठ ते शंभर, श्वास बारा ते वीस, ऑक्सिजनची पातळी पंच्याण्णवच्या वर हे आकडे पाठ करायला अर्धा दिवस पुरतो. मोजायला शिकण्यात आठवडे जातात. श्वास मोजतोय हे रुग्णाला कळले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचे नाही. बोटे तशीच ठेवून नजर छातीकडे वळवायची आणि पूर्ण मिनिटभर मोजायचे. रक्तदाब घेण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे स्वस्थ बसू द्यायचे, दंड हृदयाच्या पातळीला ठेवायचा, मोजताना त्याच्याशी बोलायचे नाही आणि त्यालाही बोलू द्यायचे नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि त्या आकड्यावर पुढे गोळी वाढू शकते. सर्वांत घातक खोड म्हणजे न मोजता मागच्या नोंदीच्या आसपासचा आकडा लिहून टाकणे. ती लागू नये म्हणून चांगले प्रशिक्षक एकाच रुग्णाच्या नोंदी दोघांकडून वेगवेगळ्या घेऊन ताडून पाहतात.

अंथरूण हा अभ्यासक्रमाचा गाभा. रुग्ण खाटेवर असतानाच चादर बदलायची असते. त्याला एका कुशीवर वळवून जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळतात, नवी तिच्याशेजारी अर्धी पसरतात, मग दुसऱ्या कुशीवर घेऊन जुनी काढतात आणि नवी ताणून खोचतात. सुरकुती राहता कामा नये. दिवसचे दिवस न हलणाऱ्या माणसाच्या माकडहाडाखालची सुरकुती पुढे जखमेचे कारण होते. माकडहाड, टाचा, खुबे, कोपरे, डोक्याची मागची बाजू इथे हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, रक्त पोचत नाही, आणि बेडसोअर सुरू होतो. सुरुवातीला फक्त लाली दिसते. बोटाने दाबून सोडल्यावर ती पांढरी पडली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर जखमेची पहिली अवस्था सुरू झाली आहे, आणि ते सिस्टरला त्याच पाळीत सांगायचे. त्या जागी चोळायचे तर मुळीच नाही, कारण दुखावलेल्या पेशी चोळण्याने आणखी तुटतात. तेल लावून चोळण्याचा घरगुती रिवाज इथे विसरावा लागतो. उपाय साधा आणि कष्टाचा: साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे. हवेची गादी घातली म्हणजे यातून सुटका झाली, असे समजणारे खूप आहेत.

अंथरुणातल्या अंघोळीत जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा करायचा, बाकी अंग झाकलेले. डोळे नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला पुसायचे, प्रत्येक डोळ्याला कापूस वेगळा. पक्षाघाताच्या रुग्णाला आडवे असताना घास भरवायचा नाही. अन्न श्वासनलिकेत जाते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. व्हीलचेअर रुग्णाच्या धडधाकट बाजूला लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, पावठाण्या वर उचलायच्या, मगच त्याला उभे करायचे. वाकायचे ते गुडघ्यांतून, कमरेतून नाही. मृत्यूनंतरची शुश्रूषाही शिकवली जाते: डोळे मिटवणे, अंग पुसणे, ओळखपट्टी बांधणे, नातेवाइकांना थोडा वेळ देणे. विशीतल्या मुलामुलींना हा तास जड जातो, आणि तो घाईने उरकू नये.

कचऱ्याचे नियम २०१६ पासून ठरलेले आहेत. रक्ताळलेले कापूस-बोळे पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात, काचेच्या बाटल्या निळ्यात. एक सुई चुकून पिवळ्यात गेली तर ती टोचते ती पिशवी उचलणाऱ्या मावशीला. सुई टोचलीच तर जागा पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचे, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस प्रशिक्षण काळातच सुरू व्हायला हवेत.

काय करायचे नाही हेही तितक्याच ठामपणे शिकवावे लागते. इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, स्वतःच्या मनाने औषध देणे जीडीएच्या कक्षेत येत नाही. ती नोंदणीकृत परिचारिकेची कामे. नातेवाईक ‘सिस्टर’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात हा फरक नसतो, म्हणून तो सहायकाच्या मनात पक्का असावा लागतो. रात्रपाळीत माणसे अपुरी असली की ‘एवढे टोचून टाक’ असे वरूनच सांगितले जाते. अशा वेळी नाही म्हणण्याचे बळ वर्गातच यायला हवे, आणि नेमके तिथेच बहुतेक केंद्रे कमी पडतात.

या पट्ट्यात प्रशिक्षणाला आणखी एक अंग आहे, ते कारखान्याचे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४५ ने दर दीडशे कामगारांमागे प्रथमोपचार पेटी, ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष सक्तीचा केला. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये हाताच्या दुखापती नेहमीच्या. बोट तुटले तर आधी जखमेवर दाब देऊन हात वर धरायचा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बोट थेट बर्फात ठेवले तर पेशी गोठून मरतात आणि ते जोडण्याची आशा संपते. भाजल्यास वीस मिनिटे वाहते पाणी. टूथपेस्ट, हळद काही नाही. डोळ्यात रसायन उडाले तर तिथेच किमान पंधरा मिनिटे धुवायचे, रुग्णवाहिकेची वाट पाहत थांबायचे नाही.

शेवटी बाहेरचा परीक्षक येऊन लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा घेतो. प्रात्यक्षिक बहुधा पुतळ्यावर होते. पुतळा कण्हत नाही, लाजत नाही, उभा करताना अंगावर कोसळत नाही. म्हणून या शिक्षणाचा खरा कस रुग्णालयातल्या दिवसांत लागतो. ज्या केंद्राचा चालू रुग्णालयाशी करार आहे आणि जिथली मुले तिन्ही पाळ्या पाहतात, तिथून निघालेली मुले पहिल्याच दिवशी कामाची असतात. वर्गाच्या खोलीत एक खाट आणि एक पुतळा ठेवून दिलेले प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे उपयोगाचे नसते.

नोकरी तीन ठिकाणी मिळते. मोठ्या रुग्णालयांत भरती बहुतेक ठेकेदारामार्फत होते. भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचा हप्ता भरला जातो की नाही, हे सुरुवातीलाच पाहून घ्यावे. कारखान्यांतल्या कक्षांत जागा थोड्या, पण कामाचे तास ठरलेले. तिसरे क्षेत्र घरगुती शुश्रूषेचे: निगडी, वाकड, पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत ब्यूरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांची ड्यूटी. तिथे विचारायला सिस्टर नसते, सुट्टीची शाश्वती नसते, आणि स्वयंपाक-भांडीही सहज अंगावर येतात. या कामासाठी वेळ, सुट्टी आणि कामांची यादी लेखी ठरवून घेण्याची सवय प्रशिक्षणातच लावली पाहिजे.

पुढे शिकायचे तर एएनएमची दोन वर्षे, जीएनएमची तीन किंवा बीएस्सी नर्सिंगची चार. त्यानंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि मगच इंजेक्शन हातात येते. जीडीएच्या प्रमाणपत्रामुळे यातले एकही वर्ष वाचत नाही. प्रवेशाला बारावी लागते, बीएस्सीला तर विज्ञान शाखेची; एएनएम-जीएनएमसाठी दहावीवर थांबलेल्यांना आधी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी द्यावी लागते, आणि कॉलेजच्या रोजच्या हजेरीचे बंधन नसल्याने ती ड्यूटी सांभाळून देता येते.