कॉलेजच्या गणित-विज्ञान प्राध्यापकांना राष्ट्रीय पुरस्कार मिळतो का?

हो. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार १९५८ पासून दिला जातो. २०२३ पासून त्यात कॉलेज-विद्यापीठांतील प्राध्यापकांसाठी वेगळा गट आहे. शुद्ध विज्ञान आणि गणिताला स्वतंत्र उपगट आहे. प्रमाणपत्र, रौप्यपदक आणि ५० हजार रुपये मिळतात.

कोण पात्र?
साताऱ्याचं यशवंतराव चव्हाण सायन्स कॉलेज असो की सांगलीचं विलिंग्डन, प्राध्यापक स्वतः अर्ज करू शकतात. सहकारीही नाव सुचवू शकतात. अटी तीन: पदवी किंवा पदव्युत्तर वर्गांना किमान ५ वर्षं पूर्णवेळ शिकवलेलं असावं, वय ५५ पेक्षा जास्त नसावं आणि नोकरी नियमित असावी.

मेख कुठे?
तिसऱ्या अटीत. तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबी प्राध्यापक नियमित नसतात. अवघड कॅल्क्युलस सोपं करून सांगणाऱ्या मॅडम सीएचबीवर असतील, तर त्यांचं नाव या स्पर्धेत येतच नाही.