रानातली माती आणि वहीचं पान

पीक पाहणीला गेलो की एखादा तरुण बांधावर हळूच म्हणतो, "साहेब, पेटी चांगली वाजवायचो, पण शेतीत सगळं मातीत गेलं." तक्रार खोटी नाही. पावसाने दडी मारली आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असलं की सूर कुठून सुचणार? तरी अशा वेळी मी ना. धों. महानोरांचं नाव घेतो.

सोयगाव तालुक्यातल्या पळसखेड्याचा हा शेतकरी. जन्म १९४२ चा. जळगावचं कॉलेज सोडून गावी आले नि कोरडवाहू शेतीत राबले. 'रानातल्या कविता' हा संग्रह १९६७ मध्ये आला. 'जैत रे जैत' या १९७७ च्या चित्रपटाची गाणी त्यांचीच. १९९१ मध्ये पद्मश्री, २००० मध्ये 'पानझड'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एवढं होऊनही शेत सुटलं नाही. पाणी अडवलं, फळबागा केल्या. आपल्या बागेतल्या सीताफळाला लता मंगेशकरांवरून 'लताफळ' म्हणायचे. ३ ऑगस्ट २०२३ ला ते गेले.

शेतीने कवीला काय दिलं? माझ्या मते, बघायची सवय. ढगाचा रंग, पानाची मरगळ, पाखरांची वेळ शेतकऱ्याला रोज बघावीच लागते. न बघितली तर पीक हातचं जातं. कवीला आणि चित्रकाराला हेच बघणं लागतं. दुसरं म्हणजे धीर. बी पेरलं की उकरून बघता येत नाही. गाण्याचंही तसंच.

माझंच सांगतो. नोकरी लागली आणि चित्रकलेची वही ट्रंकेत गेली. पुढे क्वार्टरमागे अर्धा गुंठा परसबाग केली. पहिली वांगी-मिरचीची रोपं उन्हाने जळाली, कारण लावली भर दुपारी! दुसऱ्यांदा संध्याकाळी लावली, ती जगली. रोज पाणी घालताना दोडक्याच्या वेलाचा ताणा काठीला कसा विळखा घालतो ते बघत बसायचो. एक दिवस तोच कागदावर उतरला. आठ वर्षांनी पेन्सिल हाती धरली होती.

शेतकरी बंधूंनो, खर्च फार नाही. मोरीच्या सांडपाण्यावर अळू आणि केळ येते. कुंपणाला शेवगा, मांडवावर दोडका-कारलं. हलक्या मुरमाड जागेत पावसाळ्याच्या तोंडी दोन सीताफळं लावा. एकदा जीव धरला की कमी पाण्यावर टिकतात. घरची भाजी झाली की बाजारखर्च तेवढाच वाचतो.

ग्रामसेवक आणि गुरुजींना एक विनंती. शाळेच्या हातपंपाचं वाया जाणारं पाणी चार वाफ्यांना वळवा आणि पोरांना रोपांची चित्रं काढू द्या.

आणि तो पेटीवाला तरुण? शेती सोडून पेटी हाती घे, असं मी त्याला म्हणणार नाही. दिवसभर राबल्यावर अर्धा तास पेटीला द्यावा, एवढंच. भाता आवळून ठेवला की पेटीही पडीक रानासारखी होते.