प्रवेशाचा अधिकार कोणी राखून ठेवला?

मोठ्या हॉटेलच्या दाराशी एक पितळी पाटी असते. ‘प्रवेशाचा अधिकार राखून ठेवला आहे.’ ही पाटी आपण सर्वांनी वाचली आहे आणि आपल्यापैकी कित्येक जण ती वाचून परत फिरले आहेत. कोणी हाकलले नाही, कोणी जात विचारली नाही, तरीही परत फिरले आहेत. आज या परत फिरण्याबद्दल लिहायचे आहे.

मुंबईत चर्चगेट स्टेशनातून मरीन ड्राइव्हकडे जाताना वीर नरिमन मार्गावर ‘गेलॉर्ड’ हे जुने रेस्टॉरंट लागते. दिल्लीत ‘क्वालिटी’ आणि ‘गेलॉर्ड’ उभे करणाऱ्या लांबा आणि घई या जोडीने ते मुंबईत १९५६ साली सुरू केले. तेव्हा या रस्त्याला चर्चगेट स्ट्रीट म्हणत आणि तो संध्याकाळी संगीताने भरलेला असे. गोव्याहून आलेले वादक रात्री इथल्या हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला बसत. संगीतकार शंकर-जयकिशन यांच्यातील जयकिशन यांचे गेलॉर्डमधील टेबल ठरलेले होते. त्या रस्त्यावरील बहुतेक जुनी नावे काळाच्या ओघात गेली, गेलॉर्ड टिकले.

१९५६ हे वर्ष आपल्याला वेगळ्याच कारणाने पाठ आहे. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला माझे आजोबा वर्धा जिल्ह्यातून पायी गेले होते. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे. थकले की आजोबा त्यांना खांद्यावर घेत. पुढे वडील मुंबईत आले आणि चर्चगेटजवळच्या एका सरकारी कार्यालयात शिपाई म्हणून लागले. १९७४ ते २००८ अशी चौतीस वर्षे ते डबा हातात घेऊन गेलॉर्डवरून गेले आणि आले. आत एकदाही गेले नाहीत.

गेल्या वर्षी माझी मुलगी बारावी झाली आणि तिने आजोबांना तिथे जेवायला नेण्याचा हट्ट धरला. वडील म्हणाले, “मी कायले येऊ तिथं? मले घरचंच बरं.” मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, “चौतीस वर्षं त्या दारातून वास तेवढा आपल्या वाट्याले आला.” हे वाक्य ऐकल्यावर माझ्यातला वकील आणि मुलगा दोघेही गप्प झाले. दुसऱ्याच दिवशी टेबल राखून ठेवले.

दार उघडले गेले, नमस्कार झाला, टेबल दाखवले गेले. काळ्या कोटातला कॅप्टन मेनू घेऊन आमच्याजवळ आला आणि माझे वडील खुर्चीतून उठून उभे राहिले. चौतीस वर्षे कोटातला माणूस समोर आला की ते उभे राहिले होते. शरीराला ती सवय जडली होती. कॅप्टन वयाने प्रौढ होता. त्याच्या लक्षात आले असावे. तो काही बोलला नाही. त्याने खुर्ची हलकेच पुढे सरकवली आणि वडील बसेपर्यंत मेनू हातातच धरून थांबला. मग तो त्याने सर्वांच्या आधी वडिलांच्या हाती दिला.

वडिलांनी मेनू उजवीकडून वाचला, म्हणजे आधी किमती. “फक्त चहा सांग,” असे मला हळूच म्हणाले. नातीने ऐकले नाही. तिने स्वतःसाठी चिकन आ ला कीव्ह मागवले. कोंबडीच्या छातीच्या मांसात लोण्याचा गोळा भरून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला हा पदार्थ सुरी लावताच आतून लोणी सोडतो. तिने सुरी लावली, लोण्याची चिळकांडी उडाली आणि आजोबा पहिल्यांदा हसले. त्यांच्यासाठी मटण, डाळ आणि तंदुरी रोटी आली. ती त्यांनी हाताने खाल्ली. मीही हातानेच खाल्ली.

काट्या-चमच्यांची धास्ती आपल्या पुष्कळ शिकलेल्या लोकांनाही असते, म्हणून सांगतो. टेबलावर जितक्या जोड्या मांडल्या असतील तितके पदार्थ यायचे असतात. सर्वांत बाहेरची जोडी पहिल्या पदार्थाची, मग आत आत यायचे. रुमाल मांडीवर ठेवायचा. खाणे संपले की काटा आणि सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे वाढणारा समजतो. न समजल्यास कॅप्टनला विचारायचे, तो त्यासाठीच असतो. एवढेच हे शास्त्र आहे. दहा मिनिटांत शिकता येते. जे शिकता येते त्याची लाज कशाला बाळगायची?

पण मला खरी लाज दुसऱ्या एका गोष्टीची आहे. ती आजवर कुठे लिहिली नव्हती. सुमारे वीस वर्षांपूर्वी, नवी सनद मिळालेली असताना, १४ एप्रिलच्या संध्याकाळी आम्ही तिघे मित्र मिरवणूक आटोपून एका वेगळ्याच हॉटेलात गेलो होतो. त्याचे नाव इथे सांगण्याचे प्रयोजन नाही. गळ्यात निळे रुमाल होते. दारावरच्या माणसाने रुमालांकडे पाहिले आणि सर्व टेबले राखीव असल्याचे सांगितले. त्याच्या खांद्यावरून आतली रिकामी टेबले दिसत होती. आमच्या मागून आलेले कुटुंब विचारपूस न होता आत गेले. मी कायदा शिकलो होतो, कलम पाठ होते, आणि मी ‘चला रे, दुसरीकडे जाऊ’ असे म्हणालो. रस्ता ओलांडून आम्ही वडापाव खाल्ला. वडापाव चांगला होता, पण घास घशात अडकत होता.

त्या रात्री मला बडोदे आठवायला हवे होते. कोलंबिया विद्यापीठात शिकलेले आणि लंडनमध्येही अध्ययन केलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी गेले, तेव्हा हिंदूंच्या खाणावळी आपल्याला घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीव पुसली गेली होती आणि बडोदा स्टेशनवर ती परत जागी झाली, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पारशी नाव सांगून त्यांनी एका पारशी पथिकाश्रमात दिवसाला दीड रुपया देऊन खोली घेतली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले पारशी दाराशी आले. जायला जागा नाही म्हणून या विद्वानाने कामाठी बागेत बसून मुंबईच्या गाडीची वाट पाहिली.

त्याच माणसाच्या अध्यक्षतेखालील समितीने पुढे संविधानाचा मसुदा केला. अनुच्छेद १५ चे दुसरे उपकलम सांगते की दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागा यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘दुकान’ या शब्दाची चर्चा निघाली. बाबासाहेबांनी त्याचा अर्थ संकुचित ठेवला नाही. मागेल त्याला आपली सेवा देण्यास जो बसला आहे त्याची जागा म्हणजे दुकान, असा व्यापक अर्थ त्यांनी सांगितला. बडोद्याच्या त्या रात्रीला दिलेले हे उत्तर आहे, असे मी मानतो.

आता पितळी पाटीकडे वळू. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला हॉटेलवाला अडवू शकतो. जागा भरली असेल तर थांबवू शकतो. पोशाखाचा नियम सर्वांना सारखा लावू शकतो. एवढाच त्या पाटीचा अर्थ. अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवले तर तो गुन्हा आहे. १९५५ च्या कायद्याने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, कलम ४ खाली उपाहारगृहातील प्रवेशच काय, तिथली भांडी वापरण्यास केलेला मज्जावही गुन्हा ठरवला आहे. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद आणि दंड. कलम १२ तर आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावे असे आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते. म्हणून प्रसंग आला तर हमरीतुमरीवर येऊ नका. तारीख, वेळ, अडवणाऱ्याचे नाव लिहून घ्या, साक्षीदार ठेवा, रिकाम्या टेबलांचे छायाचित्र घ्या आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. मी त्या रात्री यातले काहीच केले नव्हते.

अमेरिकेत १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबोरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थ दुकानातल्या गोऱ्यांसाठी राखीव उपाहार काउंटरवर जाऊन बसले. कॉफी मिळाली नाही, तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले. हे लोण गावोगाव गेले. जुलैमध्ये तिथे काळ्यांना वाढले जाऊ लागले आणि उपाहारगृहातील वंशभेदाला बंदी करणारा देशव्यापी कायदा २ जुलै १९६४ ला झाला. आपल्याकडे हीच हमी २६ जानेवारी १९५० ला लागू झाली होती. तिथे माणसे आधी बसली, कायदा नंतर आला. आपल्याकडे महाडच्या तळ्यावर ओंजळ भरणारे झाले, पण हॉटेलच्या खुर्चीच्या बाबतीत कायदा आधी आला आणि बसणे राहून गेले.

खेड्यात तर अजून चहाच्या कपाचीच लढाई आहे. ‘ग्रामीण भारतातील अस्पृश्यता’ या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ राज्यांतील ५६५ गावे पाहिली गेली. चहाच्या टपरीवर दलितांसाठी वेगळे कप आणि वेगळी बसण्याची जागा असल्याची नोंद त्यात आहे. ती टपरी आणि चर्चगेटचे रेस्टॉरंट यांना कायदा एकच लागू आहे, हे विसरू नये.

हा प्रसंग मी चळवळीतल्या एका सहकाऱ्याला सांगितला तेव्हा तो चिडला. “वकीलसाहेब, तेवढ्या पैशांत वस्तीतल्या पाच पोरांची पुस्तके आली असती.” त्याचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. बिल वडिलांच्या निवृत्तीच्या वेळच्या अर्ध्या महिन्याच्या पगाराइतके होते. दर रविवारी असल्या ठिकाणी जेवून ‘आपण पोहोचलो’ समजणारा आणि वस्तीचा रस्ता विसरलेला वर्ग आपल्यातही तयार झाला आहे. त्यांच्या जेवणाने समाजाचे पोट भरत नाही. पण पैसे नाहीत म्हणून न जाणे वेगळे आणि आपली जागा नाही म्हणून न जाणे वेगळे. पहिली अडचण आहे, दुसरी गुलामी आहे. अडचण असेल तर घरी जेवावे. गुलामी असेल तर एकदा तरी आत जाऊन यावे.

बिलाबाबत एक जाता जाता. ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून आपोआप जोडलेली रक्कम सक्तीची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. द्यायचे ते खुशीने द्या, दबून देऊ नका.

वडिलांनी काय केले ते सांगून थांबतो. जेवण झाल्यावर त्यांनी सवयीने चौघांची ताटे एकावर एक रचली. वेटर धावत आला, “राहू द्या, बाबा.” वडिलांनी विचारले, “आत भांडे कोण घासते?” तो म्हणाला, मशीन आहे, पण पोरेही आहेत. वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून शंभराची नोट काढली. “हे त्या पोराले दे. आणि त्याले सांग, शिकजो म्हणा.”

दरवाज्यापाशी ते क्षणभर थांबले आणि वळून आपल्या टेबलाकडे पाहिले. कॅप्टन जवळ आला. या वेळी वडील ताठ उभे होते, पण ते अदबीचे उभे राहणे नव्हते. त्यांनी हात पुढे केला, कॅप्टनने तो हातात घेतला.

“जय भीम,” वडील म्हणाले.

कॅप्टन किंचित थबकला. मग त्याने आवाज खाली आणून, पण स्पष्टपणे, “जय भीम, बाबा” असे उत्तर दिले.