लाल ठिपका: डब्लिन, खोडद, बालेवाडी

देशातली सगळ्यात मोठी दुर्बीण एके काळी पुण्यात होती, हे कित्येक पुणेकरांनाही ठाऊक नसतं. कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ च्या सुमारास महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी देणगी दिली, मुंबई सरकारने तिच्यात भर घातली आणि दुर्बीण मागवली थेट डब्लिनहून, हॉवर्ड ग्रब यांच्या कारखान्यातून. पुढे २० इंची दुर्बीण म्हणून ती ओळखली गेली. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळेला टाळं लागलं आणि दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली.

पिस्तुलावर नेम धरायला वापरतात त्या लाल ठिपक्याचा जनक कोण, असं विचाराल तर उत्तर पुन्हा हेच ग्रब! १९०० मध्ये त्यांनी बंदुकीसाठी एका नव्या साइटचं पेटंट घेतलं. तिरक्या काचेत नेमाची खूण उमटते आणि ती थेट लक्ष्यावर तरंगताना दिसते, अशी ती करामत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ही कल्पना लढाऊ विमानांत पोहोचली. १९७५ मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने तिच्यात एलईडी बसवला आणि आजची रेड डॉट साइट जन्माला आली.

खोडदच्या तबकड्या, उलट्या दिशेने

पुणे जिल्ह्यातल्या शिनोलीहून घोडेगाव, मंचर करत नारायणगाव गाठलं की पुढे खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या दिसतात. एकूण ३०, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून समांतर आलेल्या रेडिओलहरी त्या वक्राकार तबकडीवर आपटतात आणि वर टांगलेल्या एका बिंदूपाशी गोळा होतात. तो बिंदू म्हणजे नाभी. रेड डॉट साइटमध्ये हाच खेळ उलटा चालतो. नाभीपाशी बारीकसा एलईडी बसवलेला असतो. त्याचा उजेड वक्र काचेवर आपटून समांतर किरणांच्या रूपात डोळ्याकडे परततो. समांतर किरण म्हटले की डोळ्याला वाटतं, हा उजेड फार लांबून आलाय. त्यामुळे बोटभर अंतरावरचा ठिपका लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. मान थोडी इकडेतिकडे झाली तरी तो लक्ष्य सोडत नाही.

काचेवरचा लेपही मोठा हुशार. तो फक्त लाल रंग परतवतो, बाकीचे रंग आरपार जाऊ देतो. साइटमधून पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं तर भिंत किंचित निळसर दिसते ती यामुळेच. थोडी झाक चालते. भिंत फारच निळी दिसायला लागली तर मात्र ती साइट परत दुकानदाराच्या हाती द्यावी.

आणि हो, हा लेझर नव्हे. सिनेमात खलनायकाच्या छातीवर नाचतो तो लेझरचा ठिपका, तो सगळ्यांना दिसतो. रेड डॉटचा ठिपका लक्ष्यावर पडतच नाही. तो दिसतो फक्त साइटच्या मागे डोळा असलेल्या नेमबाजाला.

राहीकडे ठिपका नव्हता

२२ ऑगस्ट २०१८, पालेम्बांग. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफस्वान यांगपैबून, दोघी ३४ वर बरोबरीत. शूटऑफ झाला, पुन्हा बरोबरी. दुसऱ्या शूटऑफमध्ये राहीने बाजी मारली. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. या फेरीत पिस्तूल खाली, ४५ अंशांत धरून उभं राहायचं. हिरवा दिवा लागला की ३ सेकंदांत हात वर, नेम, ट्रिगर. मग ७ सेकंद थांबा, की पुन्हा हिरवा. गोळी १०.२ च्या आत बसली तरच गुण. हे सगळं राहीने केलं ते साध्या लोखंडी साइटवर: मागे खाच, पुढे पातं आणि पलीकडे धूसर दिसणारं काळं वर्तुळ.

कारण नियमच तसा आहे. ऑलिंपिक पद्धतीच्या पिस्तूल प्रकारांत फक्त उघडी साइट चालते. भिंग, आरसा, दुर्बीण, लेझर, विजेचा ठिपका, सगळं वर्ज्य. नंबरची काच चष्म्यात लावा, पिस्तुलावर लावायची नाही. म्हणून पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर १० किंवा २५ मीटरला नाव घालणाऱ्या पोराने रेड डॉटच्या फंदात पडूच नये. घरच्यांनी हौसेने आणून दिली तरी ती पेटीतच राहणार. शिनोली-घोडेगावकडून एखादी मुलगी एनसीसीतून नेमबाजीकडे वळली, तर पहिली काही वर्षं तिला खाच आणि पातं एवढंच पुरेसं आहे. तिथे पैसे घालायचेच तर ग्रिपवर घालावेत.

मग ठिपका चालतो कुठे? पळत, वळत, पत्र्याच्या आणि कागदाच्या लक्ष्यांवर घड्याळाविरुद्ध गोळ्या झाडायच्या आयपीएससी प्रकारात त्याचे स्वतंत्र विभाग आहेत. स्टील चॅलेंजमध्ये आहे. एका हाताने सावकाश नेम धरायच्या अमेरिकी बुल्सआय प्रकारातही चालतो. १९९० मध्ये अमेरिकी नेमबाज डग केनिग ठिपका लावून आयपीएससीचा जगज्जेता झाला आणि त्यानंतर ओपन विभागात लोखंडी साइटचे दिवस भरले. तेव्हा खरेदीआधी पहिला प्रश्न एकच: माझ्या प्रकारात, माझ्या विभागात चालतो का? नियमपुस्तक ताज्या आवृत्तीचं हवं, कारण विभागांचे नियम बदलत राहतात.

ठिपका केवढा? चंद्राच्या दहाव्या हिश्शाएवढा

ठिपक्याचं माप एमओएमध्ये सांगतात. १ एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ६/६ च्या ओळीत जी अक्षरं असतात, त्यांतल्या एका रेघेची जाडी डोळ्याला एवढ्याच कोनाची दिसते. पौर्णिमेचा चंद्र साधारण ३१ एमओएचा. म्हणजे ३ एमओएचा ठिपका चंद्राच्या रुंदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा.

रेंजवर याचा हिशेब असा. २५ मीटरवर १ एमओए म्हणजे सव्वासात मिलिमीटर. तिथल्या अचूक नेमाच्या लक्ष्याचं दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं. ३ एमओएचा ठिपका त्यातलं २२ मिलिमीटर झाकतो, ६ एमओएचा तब्बल ४४. सावकाश नेमाला लहान ठिपका बरा, कारण दहाचा थोडा तरी भाग दिसत राहतो. पळत्या प्रकारात मोठा ठिपका चटकन डोळ्यात भरतो. आणखी एक गंमत: लहान ठिपक्यात हाताची थरथर जास्त जाणवते आणि नवखा नेमबाज ती थांबवायच्या नादात ट्रिगर हिसकतो. थरथर साइट बदलून कमी होत नसते, तरीही या एका कारणासाठी मोठा ठिपका घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही.

ठिपक्याला शेपूट फुटलंय?

साइट नवी कोरी, पण ठिपका धूमकेतूसारखा ओढलेला किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. अशा वेळी दुकानदाराशी हुज्जत घालण्याआधी मोबाइल काढावा. साइटच्या मागे कॅमेरा धरून ठिपक्याचा फोटो घ्यावा. फोटोत ठिपका गोल आला तर दोष डोळ्यांचा, बहुधा ॲस्टिग्मॅटिझम. फोटोतही वाकडाच आला तर दोष साइटचा. कितीतरी जणांना आपल्या डोळ्यांची ही खोट रेड डॉटमुळेच कळते.

चाळिशीनंतर पुढचं पातं पुसट दिसायला लागतं. वाचायला चष्मा लागतो त्याचंच हे दुखणं. ठिपका मात्र लांबवर दिसत असल्याने डोळ्याला जवळ आणि लांब अशी कसरत करावी लागत नाही. अनेक जुने नेमबाज चाळिशीनंतर पुन्हा मैदानात उतरले ते यामुळे.

दर बारा पुरुषांमागे साधारण एकाला लाल-हिरव्या रंगात गडबड असते. त्यांतल्या काहींना लाल ठिपका मंद दिसतो. त्यांनी हिरवा ठिपका डोळ्याला लावून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

भरवसा नेमका कशावर?

जाहिरातीत काचेची चमक दिसते. सामन्यात साइट दगा देते ती मात्र बहुतेक वेळा तीन ठिकाणी: बॅटरीचा स्पर्श, स्क्रू आणि पाणी.

आधी बॅटरी. बऱ्याच साइटमध्ये सीआर२०३२ नावाची चपटी गोळी असते. नावातच माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. तीच गोळी गाडीच्या रिमोटमध्ये आणि संगणकाच्या मदरबोर्डवर असते, त्यामुळे ती मंचरच्या बाजारातही मिळावी. चांगल्या साइटवर ५०,००० तास लिहिलेलं असतं, म्हणजे पावणेसहा वर्षांच्या आसपास. पण हा आकडा मधल्या उजेडावरचा असतो. ठिपका सगळ्यात प्रखर ठेवला तर बॅटरी कितीतरी लवकर बसते. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे बॅटरीला टेकणारी स्प्रिंगची पट्टी. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, बसवलेली साइट प्रत्येक गोळी झाडताना स्लाइडबरोबर मागे फेकली जाते आणि तशीच पुढे आदळते. पट्टी ढिली असेल तर त्या धक्क्यात ठिपका क्षणभर विझतो. घरात बटण दाबून तो छान लागतो, रेंजवर मात्र लुकलुकतो. म्हणून विकत घेण्याआधी तीच साइट वापरणाऱ्या कुणाच्या तरी पिस्तुलावर ती शंभरेक गोळ्यांत पाहावी. ओपन विभागातले बरेच नेमबाज साइट स्लाइडवर न ठेवता फ्रेमला जोडलेल्या ब्रॅकेटवर बसवतात. तिथे ती स्लाइडबरोबर धावत नाही, म्हणून निम्मं दुखणं आपोआप टळतं.

बॅटरीचं झाकण कुठे आहे तेही बघा. वरून किंवा बाजूने उघडत असेल तर उत्तम. खालून असेल तर बॅटरी बदलायला अख्खी साइट काढावी लागते आणि मग झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी एकाच जागी पडतात की नाही हे, तपासण्यात काही गोळ्या जातात.

स्क्रू हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. साइटच्या तळाच्या भोकांचा एकच सर्वमान्य नमुना अस्तित्वात नाही. बऱ्याच मोठ्या कंपन्यांचा आपापला वेगळा, मधे बहुधा जोडपट्टी लागते, आणि जोडपट्टी म्हणजे ढिले होऊ शकणारे आणखी स्क्रू. कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळावं, त्यासाठी टॉर्कचा पाना वापरावा. थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू घट्ट धरणारा गोंद, लावताना थेंब थेंबच. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून साइटच्या अंगावर नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी. दर सामन्याआधी नुसती नजर टाकायची: रेघ सरळ असेल तर स्क्रू जागचा हललेला नाही, रेघ तुटलेली दिसली तर पाना काढायचा. नेलपॉलिशच्या बाटलीचा इतका नेमका उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

आता पाऊस. भीमाशंकरचे ढग डिंभे धरणावर उतरले की शिनोलीच्या बाजूला चष्म्याची काच पुसून पुसून हात दुखतो. उघड्या बांधणीच्या साइटमध्ये एलईडी मागच्या बाजूला उघडाच असतो. त्याच्यावर पाण्याचा एक थेंब बसला की एका ठिपक्याचे चार होतात, पसरतात किंवा नाहीसेच होतात. बोट आत घालून पुसलं तर काचेवर तेलकट डाग. बंद बांधणीत पुढे काच, मागे काच आणि आत बहुधा नायट्रोजन. बाहेरची काच शर्टाच्या टोकाने पुसली की काम झालं. वजन आणि किंमत जास्त, हे खरं. सह्याद्रीच्या कुशीत पावसाळ्यातही सराव करणाऱ्याने तरीही बंदच घ्यावी, असं माझं ठाम मत.

आपोआप कमी-जास्त होणारा उजेड कागदावर चांगला वाटतो. रेंजवर नेमबाज छपराच्या सावलीत आणि लक्ष्य उन्हात असलं की सेन्सर सावली मोजतो आणि ठिपका मंद करतो. मग उन्हातल्या पांढऱ्या कागदावर ठिपका शोधत बसा. हाताने उजेड ठरवायची सोय हवीच.

थंडी आणि दमटपणा किती महागात पडतो, याचं उदाहरण अमेरिकेत घडलं. इओटेकच्या होलोग्राफिक साइटमध्ये तापमानाच्या टोकांना नेम सरकतो, हे ठाऊक असूनही त्या सैन्याला विकल्याचा दावा सरकारने लावला. २०१५ मध्ये मालक कंपनी एल-३ ने २ कोटी ५६ लाख डॉलर भरून तो मिटवला. होलोग्राफिकची जात वेगळी, तिच्यात लेझर असतो. धडा मात्र आपल्यालाही लागू: उन्हाळ्यात धरलेला झिरो डिसेंबरात पुन्हा तपासायचा.

चौकोन मारून पाहा

नवी साइट पारखायची जुनी, भरवशाची रीत आहे. रेंजवर, प्रशिक्षकासमोर, पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून २५ मीटरवर एक छोटा ग्रुप, म्हणजे काही गोळ्यांचा पुंजका, मारा. मग नेमाचा स्क्रू फिरवून साइट २० क्लिक वर, ग्रुप. २० क्लिक उजवीकडे, ग्रुप. २० खाली, ग्रुप. २० डावीकडे, ग्रुप. एका क्लिकला १ एमओए असेल तर प्रत्येक बाजू साडेचौदा सेंटिमीटरच्या जवळपास यायला हवी आणि पाचवा ग्रुप पहिल्याच्या डोक्यावर बसायला हवा. चौकोन वाकडा आला किंवा पाचवा ग्रुप भरकटला, तर त्या साइटची चमक, नाव, किंमत काही कामाची नाही. ती त्याच आठवड्यात, वॉरंटीच्या कागदासकट परत करायची.